ग्रहणात चिरलेला मासा

माझी बायको गेली ती एक खोटी गोष्ट खरी धरून. माझा राग अजून जात नाही.

मी गंगापूर धरणात जाळं टाकायचो, ती गंगापूर रोडला मासे विकायची. दिवाळीत ग्रहण आलं तेव्हा तिला पाचवा महिना. ग्रहणात गर्भारशीनं विळीला हात लावायचा नसतो. पण नेहमीचं गिऱ्हाईक दारात येऊन बसलं आणि हिनं मासा चिरून दिला. पुढं पोरगी झाली. मान धरेना, बोलेना. डॉक्टर म्हणाले, एक गुणसूत्र जादा आहे. माझ्या आईनं निकालच लावला, "ग्रहणात विळी धरली, दुसरं काय होणार!"

पोरगी मोठी झाल्यावर कॉलेजातली एक बाई धरणावर जिवंत मासे न्यायला यायला लागली. बायकोनं विचारलं, "खाता का पाळता?"

"तपासते मावशी. परदेशात नदीतल्या काही माशांत जादा गुणसूत्रं सापडलीत. इथं आहेत का बघते."

बायकोचा टोपलीतला हात थांबला. "ती येतात कुठनं?"

"आईकडून, नाहीतर बापाकडून. सगळ्याच पिलांत उतरतात असं नाही. वरून कळतही नाही, मासा चांगला पोहतो."

"मासळी कुठं ग्रहण पाळते!" मी म्हणालो. बाई हसली. बायको नाही हसली. तिनं पोरीला पुढं ओढलं आणि सगळं सांगून टाकलं.

बाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. "मावशी, माणसाचं वेगळं. हिच्यात ते पोटात राहायच्या वेळीच जादा आलं. पाचव्या महिन्यात तुम्ही काय चिरलं, त्याचा काही संबंध नाही."

घरी जाताना मी म्हणालो, "ऐकलंस ना? सुटलीस."

"माशांचं तिला ठाऊक," ती म्हणाली. "पोर माझ्या पोटात होतं."

मी चौथी शिकलेला. मला कळलं ते हिला का कळू नये? भांडलो, समजावलं. माझी आई मेली, पण तिचं बोलणं काही घरातनं गेलं नाही.

मग कावीळ झाली आणि बायको खाटेला लागली. एका दुपारी पोरीचा हात धरून म्हणाली, "माफ कर गं बाई मला."

पोरीला माफी कसली ठाऊक! तिला वाटलं, आईला झोप येत नाही. ती शेजारी आडवी झाली आणि आईला थोपटायला लागली. मी जवळ गेलो तर मलाच दटावलं, "गप. आई निजली."

निजली कुठली! डोळे उघडे होते आणि उशी भिजत होती. त्याच आठवड्यात ती गेली.