कोरड्या गटाराचं उद्घाटन

माणूस रोज एकशे पस्तीस लिटर पाणी वापरतो. देशभरातल्या ड्रेनेज इंजिनिअरांच्या मॅन्युअलमध्ये हे सत्य कोरून ठेवलेलं आहे. आमच्या मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये ते आरतीच्या सुरात उच्चारलं, तेव्हा टेबलाभोवतीच्या सगळ्या माना हलल्या. माझी हलली नाही, कारण त्याच सकाळी मी शेवंताबाईंच्या न्हाणीत डोकावून आलो होतो.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दौलताबादच्या बाजूला, एका तलावाकाठी ही वस्ती. निम्मी घरं वाळूजच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची, निम्मी मेंढ्या राखणाऱ्यांची. मैला तलावात झिरपू नये म्हणून ड्रेनेज लाइन टाकायची आणि खाली छोटा ट्रीटमेंट प्लांट बांधायचा, अशी योजना होती. मी ज्युनिअर इंजिनिअर, सर्व्हे माझ्याकडे. शेवंताबाईंचं घर सगळ्यांत उतारावर. दारात विहीर, पिण्यापुरतं पाणी देणारी. खालच्या आळीतली दहा घरं आणि त्यांची मेंढरं त्या विहिरीवर जगत. नकाशात शेवटचा मॅनहोल विहिरीपासून वीस पावलांवर पडत होता.

"मावशी, रोज किती पाणी लागतं?" मी सर्व्हेत विचारलं होतं.

"नळ येतो पाचव्या दिशी. रोजचं काय इचारता?" त्या म्हणाल्या. "अंघोळीचं पाणी टबात धरायचं. त्यात कपडे. कपड्याचं पाणी संडासात. उरलं तर लिंबाला."

"मग गटारात काय जातं?"

"तुमाला किती पायजे ते सांगून ठेवा. उरलं तर बघते."

इथं थोडं तांत्रिक सांगतो. ड्रेनेजमधली घाण पाइप नेत नाही, पाणी नेतं. रुंद पाइपात थोडंसं पाणी सोडलं की ते तळाशी पसरतं, स्वतः पुढं जातं आणि घाण मागं ठेवतं. म्हणून माझं म्हणणं साधं होतं. घरोघरच्या जुन्या सेप्टिक टाक्या राहू द्या, घाण त्यातच बसेल. वरचं पाणी तेवढं बारीक पाइपातून खाली न्या.

"जाधव," साहेब म्हणाले, "आपण तीस वर्षांनंतरचा विचार करतो. तेव्हा इथं चोवीस तास पाणी असेल."

"साहेब, घाण तीस वर्षं थांबायची नाही. लाइन तुंबली तर विहीर जाईल."

"मॅन्युअलमध्ये शेवंताबाई असा रकाना आहे का?"

नव्हता. मोठा पाइप मंजूर झाला. टाक्या बुजवण्याचा आदेशही निघाला.

काम पुरं झालं, मांडव पडला. उद्घाटनाच्या सकाळी मी प्लांटच्या तोंडाशी जाऊन पाहिलं, तर एक बेडूक आणि थोडी ओल. पाहुणे दुपारी येणार होते. त्यांनी बटण दाबल्यावर काहीतरी वाहायला हवं होतं.

"वरच्या मॅनहोलात चार टँकर सोडा," साहेबांनी फर्मावलं आणि ते हारांची चौकशी करायला गेले.

पहिला टँकर आला. ड्रायव्हर रफीकभाई पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. "साब, अच्छा पानी नाली में छोडूँ? लोगां हौला बोलेंगे मेरेको, पागल बोलेंगे."

तोवर बायका हंडे घेऊन जमल्या होत्या. पुढं शेवंताबाई.

"आमची भांडी पाच दिस उपडी, अन् गटाराला अंघोळ! लगीन हाय का त्याचं आज?"

मी वैतागून म्हणालो, "रफीकभाई, टँकर घरांपुढं लावा. मावशी, आज काटकसर नको. गोधड्या काढा. पण धुवायचं ते न्हाणीतच."

तलावावर धुणं योजनेपायी बंदच झालेलं होतं. वस्तीतल्या गोधड्यांनी वर्षभर पाणी पाहिलं नव्हतं. दोन तासांत प्लांटला पाणी आलं, फेसासकट. पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघितलंत? मॅन्युअल खोटं बोलत नाही."

टँकर पुन्हा आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात शेवंताबाईंचा निरोप आला, झाकण वर आलंय. मी साहेबांना जीपमध्ये घालूनच नेलं. नळाचा दिवस होता आणि तुंबलेला मॅनहोल उकळल्यासारखा वाहत होता. बायकांनी मेंढवाड्याची माती आणि गोणपाटं टाकून बांध घातला होता. घाण विहिरीच्या काठापासून दोन हातांवर अडली होती.

"साहेब, हे हिरीत पडलं असतं ना," शेवंताबाई म्हणाल्या, "तर उद्यापास्नं तुमच्या बंगल्यावर आलो असतो पाणी प्यायला. आमी बी अन् मेंढरं बी."

साहेबांनी बूट दगडावर घासून पुसले. "पाइप उकरता येणार नाही," ते म्हणाले. "त्यावर माझी सही आहे."

"उकरू नका. टाक्यांमधून बारीक लाइन काढू आणि मोठ्या पाइपाच्या पोटातून ओढून घेऊ."

"टाक्या बुजवल्यात ना?"

"एकही नाही," मी म्हणालो. वस्तीला आमच्या योजनेचा पुरता अंदाज होता.

बारीक लाइन पडली. तुंबली नाही. शेवंताबाईंची आळी अजून त्याच विहिरीचं पाणी पिते. लाइनचं डिझाइन करण्याआधी घरातली बादली कुठं कुठं फिरते ते बघावं, एवढं मी शिकलो. ऑफिसच्या रेकॉर्डवर मात्र त्या कामाचं नाव 'मुख्य लाइनचं मजबुतीकरण' असं आहे.