घानातलं एक अंगण

मला कुणाच्या सोन्याचा, गाडीचा हेवा कधी वाटला नाही. वाटला तो एका अंगणाचा, तेही घानातल्या, जिथे मी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही.

कुवेतच्या ज्या हॉस्पिटलात मी न्यूक्लिअर मेडिसिनची टेक्निशियन आहे, तिथे माझ्याबरोबर घानाची एक बाई काम करते. तिच्या आईला तिकडे थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी दिली. ती घेतली की काही दिवस माणसाच्या अंगातूनच किरणं निघतात, म्हणून इतरांपासून, विशेषतः लहान मुलांपासून, लांब राहायचं असतं. आई राहते ती बऱ्याच बिऱ्हाडांच्या घरात. अंगण एक, नळ एक. शेजारी घाबरले. हिनं इथून फोनवर सगळ्यांना समजावलं, की लांब बसा, कपडे वेगळे धुवा, पोरं तिच्या मांडीवर देऊ नका, बाकी काही नाही.

आणि त्यांनी ऐकलं! रोज संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं समोरच्या भिंतीशी स्टुलं मांडून बसायची आणि म्हातारीशी ओरडून ओरडून गप्पा मारायची. कुणी तिचं जेवण पायरीवर ठेवून मागे सरायचं. जेवणाच्या सुट्टीत ही मला ते व्हिडिओ दाखवायची आणि खो खो हसायची. मीही हसायचे. पोटात मात्र नुसतं जळायचं, कारण माझ्या थायरॉइडसाठी तीच गोळी आता मलाही घ्यायची होती.

गोळी मला हिनंच दिली. माझा नवरा मीना अब्दुल्ला नावाच्या गावातल्या रिफायनरीत इंजिनिअर. तो आदल्या दिवशीच लेकीला घेऊन मित्राकडे राहायला गेला होता. जा म्हणून मीच सांगितलं होतं, मग त्याला नावं कशी ठेवणार? सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एसीचा आवाज ऐकत बसले. शेजारच्या दारांना पत्ताही नव्हता. लेक व्हिडिओ कॉलवर यायची, "आय ॲम फाइन, मम्मा," म्हणायची आणि गेमकडे वळायची.

एका संध्याकाळी घानाची बाई आली. लिफ्टजवळ खुर्ची टाकून बसली आणि उघड्या दारातून माझ्याशी मोठमोठ्यानं बोलत राहिली. मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच चिडचिड झाली. हिच्याकडे माणसं इतकी, की वर मलाही वाटायला निघाली!

ठरलेले दिवस संपले. हॉस्पिटलात जाऊन मी किरणं मोजायच्या मीटरनं स्वतःला तपासलं आणि नवऱ्याला फोन केला.

"झालं सगळं. आज या घरी. लेकीला कुशीत घेऊन झोपणार आहे मी."

"अगं, अजून थोडे दिवस राहतो ना इथेच. सेफ साइड."

"मी आत्ता मोजून आलेय."

"तू म्हणतेस ते बरोबरच असेल गं. पण एकदा डॉक्टरांना विचारून घे ना."

इतकी वर्षं मी पेशंटांना सांगत आलेय, आता मुलांना खुशाल जवळ घ्या. ते "शुक्रान, सिस्टर" म्हणतात आणि घरी जाऊन मुलांना जवळ घेतात.

"बरं, विचारते," मी म्हटलं, आणि खरंच डॉक्टरांना फोन लावला.