बेबीआत्याची मांडणी

बेबीआत्याच्या हातात कुठलीही वस्तू दिली, की ती आधी तिचं वजन करायची आणि मग तिच्याकडे बघायची. कोबीचा गड्डा, पुस्तक, शेजारच्यांचं बाळ, काहीही. हात जरासा वर-खाली व्हायचा, डोळे क्षणभर मिटायचे आणि आकडा यायचा. "सव्वाचार किलो. दूध पुरून राहिलं पोराले." बाळाची आई हसायची, पण पुढच्या वेळी दवाखान्यातून परत येताना आकडा बरोबर निघाल्याचं सांगायला आमच्या दारात थांबायची.

डोंगरगडच्या रेल्वे पार्सल ऑफिसात तिची सगळी नोकरी झाली. ती आमच्याकडे रायपूरला राहायला आली, त्या दिवशी आत पाऊल टाकायच्या आधीच तिने माझ्या खांद्यावरची कॉलेजची बॅग काढून घेतली.

"काहून गं पोट्टे, सात किलो? एवढं काय शिकवून राहिले तुले?"

"बस, बुक्स हैं," मी म्हटलं.

घरात सगळे मराठी बोलायचे आणि मला ते कळायचं, पण माझी उत्तरं हिंदीतच यायची, तीही थोडकी. इंग्रजी शाळेमुळे असेल, किंवा मी मुळातच कमी बोलणारी म्हणून असेल. इतर नातेवाईक त्यावरून टोमणे मारायचे. आत्याने ते कधी मनावर घेतलं नाही. ती तिच्या भाषेत विचारायची, मी माझ्या भाषेत उत्तर द्यायची. आमचं जमलं.

तिने लग्न केलं नव्हतं. आजी-आजोबा शेवटपर्यंत तिच्याच क्वार्टरमध्ये राहिले आणि तिथेच गेले. मग ती रिटायर झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि माझे बाबा आणि नागपूरचे मोठे काका यांनी फोनवर ठरवलं: सहा महिने रायपूर, सहा महिने नागपूर. आमच्या फ्लॅटमध्ये जास्तीची खोली नव्हती, म्हणून बाबांनी हॉलच्या मधोमध जिप्सम बोर्डाची भिंत घालून घेतली. दोन दिवसांत खोली तयार झाली. पांढरी, गुळगुळीत, छान दिसायची.

आत्याने बोटाच्या पेराने त्या भिंतीवर ठक ठक केलं आणि कान लावला.

"राजू, हे भिंत होय का खोका?"

"जिप्सम बोर्ड आहे बाई. आजकाल सगळीकडे हेच असतं," बाबा म्हणाले. "आत पत्र्याची फ्रेम, दोन्ही बाजूंनी बोर्ड."

"अन् मधात?"

"मधात काही नसतं."

"मंग मांडणी कशावर लावू?"

मांडणी म्हणजे आजीची लोखंडी मांडणी. वर ताटं उभी करायच्या खाचा, मधे फळ्या, खाली कपांसाठी हुक. तिच्यावरची पितळी आणि काशाची भांडी आजीच्या लग्नातली, काही आत्याने स्वतः घेतलेली. प्रत्येकावर नाव घातलेलं. क्वार्टरमध्ये ती दाराच्या समोरच्या जाड विटांच्या भिंतीवर होती, आत येणाऱ्याला आधी तीच दिसायची. "मांडणी लागली म्हणजे घर लागलं," असं आत्या म्हणायची. आमच्याकडे मात्र ती चादरीत गुंडाळलेली, भिंतीला टेकून उभी राहिली. भांडी पोत्यांत बांधून पलंगाखाली. कुणी विचारलं तर आत्या हसून म्हणायची, "माल येऊन पडला. डिलिव्हरी घ्याले कोणी आलं नाही अजून."

पहिल्या आठवड्यात तिने कॅलेंडरसाठी एक खिळा ठोकला. दुसऱ्या दिवशी तो कॅलेंडरसकट खाली आला, मागे चुन्यासारखी भुकटी आणि अंगठा जाईल एवढं भोक. मग ज्याने भिंत घातली होती, त्या मिस्त्रीला बाबांनी बोलावलं. त्याने मांडणीची चादर बाजूला केली, पोती हलवून बघितली आणि मान हलवली.

"अम्मा, इतना भारी सामान बोर्ड पे नहीं टिकेगा. बंद करने से पहले पीछे प्लाय डलवाना था. पहले बताना था न."

"पहले मुझसे पूछा किसने, भैया?" आत्या म्हणाली.

ती हसत म्हणाली होती. तरी आई चहा करायला म्हणून आत गेली आणि बाबांनी मिस्त्रीला दुसरंच काहीतरी विचारलं.

पण वजनाच्या बाबतीत आत्या सहज सोडून देणारी नव्हती. मला घेऊन ती हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदाराने आधी स्क्रूसाठी भोकात ठोकायचे प्लास्टिकचे गुल्ले काढले. ते तिने तळहातावर घेतले आणि परत दिले. "हे विटेत फुगून बसतात. बोर्डात कोणाले धरतीन?" मग त्याने लोखंडी बोल्ट दाखवले. त्याला दोन पंख होते. मिटून भोकातून आत घालायचे, आत गेले की उघडतात आणि बोर्डाला मागून धरतात.

"बीस किलो तक आराम से, अम्मा," दुकानदार म्हणाला.

"आराम से मतलब? सो के?"

दुकानातले सगळे हसले. मीही. मग तिने माझी बॅग माझ्या छातीशी धरायला लावली. "जड लागते?" नाही म्हटलं. "आता हात लांब कर." हात थरथरायला लागला. "पाह्यलं? फोटो भिंतीले चिकटून राहते, तो खाली ओढते. मांडणी बाहेर निघते, ते वरचे बोल्ट उपटाले पाहते. डब्ब्यावरचा आकडा फोटोचा असन तर आपल्या काय कामाचा?" दुकानदाराने डबा उलटसुलट करून पाहिला, तिथे नुसतं 'वीस किलो' एवढंच लिहिलं होतं.

तिने स्वतःच उपाय काढला. वरच्या बाजूला एक लांब सागवानी फळी, ती स्क्रूने आतल्या फ्रेमच्या उभ्या पत्र्याच्या पट्ट्यांत, म्हणजे चॅनेलमध्ये, पक्की करायची, मधल्या मोकळ्या जागेत पंखवाले बोल्ट, आणि मांडणी त्या फळीवर. "एकट्यावर काहून टाकायचं? सगळ्यांनी मिळून उचलू दे." फळी कापून आणली. बोल्टचा डबा घेऊन ती त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसली आणि सगळं समजावून सांगू लागली.

"बाई, पलीकडच्या बाजूला टीव्ही आहे. भिंतच फाटली तर?" आई म्हणाली.

बाबांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "आणि सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. दादाकडे पक्की भिंत आहे. नागपूरला गेलीस की तिथे लाव."

आत्याचा हात डब्यावर होता. "बरं," म्हणाली. डबा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेला, फळी कपाटाच्या मागे. त्यानंतर मांडणीचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. बाबा वाईट नव्हते. त्यांना वाटलं, आपण एक अडचण सोडवली.

नागपूरला जायच्या आधीच तिच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि बाबांनी ते आम्हाला सांगताना दोनदा चष्मा पुसला. आत्याला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ती स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून म्हणायची, "माल घटून राहिला, मिनू. रस्त्यातच कुठंतरी गळून राहिला." नागपूरहून काकांचे फोन यायचे. बरी झाली की पाठव, इथे मोठं हॉस्पिटल आहे, म्हणायचे.

त्या हिवाळ्यात आई-बाबा एका लग्नाला दिवसभर बिलासपूरला गेले. मी आत्याजवळ थांबले. सकाळी तिला पेज भरवली, भांडं धुऊन ठेवलं, आणि ड्रॉवर उघडून डबा काढला.

"आत्या, लावू या?"

मी मराठीत विचारलेलं ऐकून ती माझ्याकडे बघत राहिली. "राजू ओरडन."

"ओरडू दे."

फ्रिजवरचा मॅग्नेट काढून मी भिंतीवरून फिरवला. जिथे आत स्क्रू होता तिथे तो चिकटायचा. वरखाली तसे दोन-तीन सापडले की चॅनेल कळायचं. पलंगावरून ती सांगत होती, मी पेन्सिलने खुणा करत होते. बाबांचं ड्रिल मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं. बोर्डात ते लोण्यात जावं तसं गेलं, आणि पत्र्याला लागल्यावर किंचाळलं. मी दचकून थांबले. "तेच पाह्यजे," आत्या म्हणाली. "ओरडलं म्हणजे भेटलं. दाब." बोल्ट आत ढकलला की पंख उघडल्याचा बारीक आवाज यायचा. दर वेळी ती मान डोलवायची.

रिकामी मांडणी उचलून फळीवर चढवणं माझ्या एकटीच्याने होईना. मी नको म्हणत असताना आत्या उठली, दुसऱ्या टोकाखाली खांदा दिला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी भराभर स्क्रू आवळले.

मग भांडी. पोत्यातून काढलेलं प्रत्येक भांडं आधी तिच्या हातात जायचं, हात वर-खाली व्हायचा, आकडा यायचा, आणि मग ते माझ्याकडे. भिंतीवर फळीच्या खालच्या कडेला मी पेन्सिलची रेघ ओढली होती, ती मी मधून मधून बघायची. फळी रेघेवरून हलली नव्हती. शेवटी फक्त पाण्याचा मोठा पितळी गुंड राहिला. आत्याने तो नुसता हात लावून बाजूला केला.

"बस. हा खालीच राहू दे माझ्यापाशी. जिले धराचं हाय, तिचा जीव पाहून वजन टाकावं."

संध्याकाळी आई-बाबा आले. मी दारात उभी होते आणि काय बोलायचं ते मनात तीनदा म्हणून ठेवलं होतं. बाबा खोलीत गेले, मांडणीसमोर थांबले, फळीवर तळहात ठेवून हळूच दाबून पाहिलं.

"चॅनेल सापडलं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कशाने?"

"फ्रिजच्या मॅग्नेटने."

आई म्हणाली, "किती काळी पडलीत भांडी." दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिंच भिजवून बसली आणि एकेक भांडं उतरवून घासून परत लावलं, माझ्या रेघेकडे बघत बघत.

त्या पातळ भिंतीतून सगळं ऐकू यायचं. काही दिवसांनी काकांचा फोन आला तेव्हा मी आत्याजवळ बसले होते. पलीकडे बाबा म्हणाले, "नाही दादा. आता नाही पाठवत. तिची मांडणी लागली इथे."

आत्या डोळे मिटून पडली होती. पांघरुणावरचा तिचा हात जरासा वर-खाली झाला. आकडा तिने सांगितला नाही.

होळीच्या आधी ती गेली. शेवटच्या दिवसांत तिला कूस बदलून द्यायला मी एकटी पुरायची. ती खोली आता माझी आहे. मांडणी तिथेच आहे, फळी रेघेवर आहे, आणि गुंड पलंगाजवळ खाली.

ती गेल्याचं कळल्यावर नागपूरहून काका आले. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्यावर ते बाबांना म्हणाले, "अर्ध्या मी रामटेकला नेतो. माझीही बहीण आहे." त्यांचे डोळे सुजलेले होते, ते मनापासूनच बोलत होते.

बाबांनी कलशावर लाल फडकं बांधलं, गाठ मारली, ती पुन्हा ओढून पाहिली. "नको दादा," ते म्हणाले. "जित्तेपणी वाटून घेतली आपण तिला. आता नको."

काका आमच्याच गाडीत येऊन बसले. राजिमच्या संगमावर जायचं होतं. पुढे बाबा आणि काका, मागे आई आणि मी. कलश बाबांनी माझ्याकडे दिला होता. गाडी शहराबाहेर पडली तेव्हा तो मांडीवरून सरकेल म्हणून मी दोन्ही हातांनी उचलून धरला. माझ्याही नकळत हात जरासे वर-खाली झाले, डोळे मिटले, आणि आकडा आला.

"जड आहे का गं?" आईने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि कलश छातीशी घेतला.