बाजेखालचा विस्तव

त्या वैशाखात मी देवावर चिडले होते, हे आधी कबूल करते. निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. डोंगरकड्याजवळ आमचं गाव. लेक गोदा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. ती सुखरूप सुटावी म्हणून मी महादेवाला बोलले होते, की वैशाखभर त्याची गळती थांबू देणार नाही. उन्हाळ्यात पिंडीवर भोकाचं मडकं टांगतात, थेंब थेंब पाणी पडून देवाला गारवा मिळतो. ते मडकं दिवसातून दोनदा मी भरायचे. आडानं तळ गाठलेला, तासभर ताटकळावं तेव्हा एक घागर. पाय भाजताहेत, तोंडात नाव आणि मनात कुरकुर, अशी माझी भक्ती.

गोदाला मुलगा झाला. लेकीच्या बाळंतपणाची सोयर आईबापाला तीनच दिवस; तेवढे दिवस गुरवानं गळती सांभाळली, मग पुन्हा मी. पाचव्या दिवशी गोदाला ताप चढला. माझं डोकंच फिरलं. एवढं पाणी वाहिलं ते काय उगीच? बरं, घरातही मी काही कमी करत नव्हते. खिडकीत गोधडी कोंबली होती, तिचे कान बांधले होते, बाजेखाली रात्रंदिवस विस्तव होता. वारा लागला तर बाळंतीण हातची जाते, असं सुईणीनं बजावलेलं. पाणी उकळलेलं, तेही घोटभर. पोर म्हणायची, "आई, जीव भाजून राहिला." मी खेकसायचे, "आमी काय बाळंत झालो न्हाई?" मालकांना विचारावं तर "तुला ठावं" म्हणून पागोटं सावरत बाहेर. त्या दुपारी तिचं अंग तव्यासारखं तापलं, घामाचा टिपूस नाही, आणि ती काहीबाही बरळू लागली. मला वाटलं, शेकच कमी पडतोय. मी रस्त्यानं जाणाऱ्या मोळीवालीला हाक मारली.

ती तांड्यावरची बाई, मी आधी कधी न पाहिलेली. "असल्या उन्हात लाकडं काहून वो?" तिनं विचारलं. मी तुसडेपणानं म्हणाले, "घरात बाळंतीण हाय. मोळी टाक लवकर, मला देवाच्या गळतीला जायचंय." दारात मी भरून ठेवलेली गळतीची घागर तिनं पाहिली, आतलं बरळणं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"देवाला गार पानी, न् बाळंतिणीला इस्तो? काहून बाई, देव बाळंत झाला का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तोंड उघडायच्या आत ती खोलीत शिरलीही. बाजेखालचं विस्तवाचं घमेलं तिनं ओढून अंगणात उपडं केलं, गोधडी उपसून फेकली. मग देवाची घागर उचलायला वाकली. मी तिचं मनगट धरलं. सोवळ्याचं पाणी, नवसाचं पाणी, आणि घरात दुसरा थेंब नव्हता. तेवढ्यात गोदा म्हणाली, "आई, मला पिंडीवर निजव." माझी बोटं कशी सुटली, मला आजही सांगता येत नाही.

आम्ही दोघींनी बाज ओसरीत आणली. लुगडं भिजवून तिच्या अंगावर टाकलं, चमच्यानं पाणी पाजलं. गुरवाचा निरोप आला, गळती थांबली म्हणून. मी म्हटलं, "देवाला सांगा, आज तुमचं पानी माझी लेक पिऊन राहिली." दिवस कलला तसा गोदाच्या कपाळावर घाम आला. तो पुसायलाही मला धीर होईना, मी नुसती रडत बसले. मान वर केली तेव्हा मोळीवाली निघून गेली होती.

पुढं तांड्यावर विचारलं, ती सापडली नाही. ती कोण होती याचा खल मी करत नाही. एवढं कळलं, की देवाला शरण गेले म्हणत म्हणत मी माझाच हेका त्याच्या डोक्यावर ओतत होते. त्या दुपारी तो हेका देवानं माझ्या हातून सोडवला, हे त्याचे उपकार. चिडका स्वभाव मात्र त्यानं माझ्यापाशीच ठेवलाय. उन्हाळ्यात कुणाकडं बाळंतपण झालं, की मी न बोलावता जाते आणि विस्तव बाहेर काढते. बायका नाकं मुरडतात. मुरडू देत. बाळंतीण पोटभर पाणी पिईपर्यंत मी तिथून हलत नाही.