बोडीत पडलेला फोन

आमगावच्या फलाटावर बाबांनी माझी ट्रंक सायकलवरून उतरवली आणि मी रडायला लागले. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हातात होता, पुण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं नेमणूकपत्र पर्समध्ये होतं, आणि मी एकवीस वर्षांची घोडी हमसून हमसून रडत होते. बाबा कावरेबावरे होऊन आजूबाजूला बघत म्हणाले, "काऊन रडून राहिली? नोकरीवर जाऊन राहिली तू, सासरी नाही." दहावीतला माझा भाऊ दिनेश खो खो हसला. आईनं चिन्नोर तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. गोंदियाला गाडी बदलायची होती, तर बाबा तिथवर सोबत आले आणि पुण्याची गाडी हलेपर्यंत एकच सांगत राहिले, "पोहचली का फोन करजो."

दिनेश, बाबा, आणि आपल्याकडून माझ्यासारख्याच पुण्या-मुंबईला, हैदराबादला आलेल्या माझ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मधल्या वर्षांत मी काय काय लपवलं, तेही यात येईल.

होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "थांबा, मी येऊन राहिली," म्हणजे येतेच आहे. खोलीतल्या तिघी पोट धरून हसल्या. पुढे महिनाभर त्या मला जेवायला "चल, खाऊन राहिली का?" अशीच हाक मारायच्या. वाईट मुली नव्हत्या त्या. पण सहा महिन्यांत मी जीभ बदलली. पहिल्या पगारात त्यांच्यासारखी पर्स घेतली, त्यांच्यासारखे सँडल घेतले. कुणी गाव विचारलं की "नागपूरकडचे आम्ही" म्हणायला शिकले. आमगाव ते नागपूर किती लांब, हे पुण्यात कोण मोजणार?

हे सगळं मला आठवलं ते सानिकामुळे. सानिका माझी मुलगी, आता पंधराची. आम्ही हडपसरला एका सोसायटीत राहतो. गेटवर रोज ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांचा ढीग असतो, आणि तो बघूनच मुलांना कळतं कुणाच्या घरी काय आलं. सानिकाच्या वर्गात तीन कॅमेऱ्यांचा फोन, कानात बिनवायरच्या कुड्या, मनगटावर स्मार्टवॉच ही साधारण गोष्ट. हिच्याकडे माझा जुना फोन. ती तो कंपासपेटीखाली दडवून ठेवायची. मैत्रीण ईशिताच्या वाढदिवसाला गेलीच नाही, कारण तिथं सगळ्या फोन काढून फोटो काढतात. मी समजवायला गेले तर म्हणाली, "आई, तुला नाही कळणार. तू गावातून आलीस."

माझा नवरा महेश चिडला. मी नाही चिडले. तिला काय होत होतं ते माझ्याइतकं कुणाला कळणार? खरं सांगते, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसून मी तो महागडा फोन मागवायला निघाले होते. फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं. तेवढ्यात एक पेशंट आला आणि राहून गेलं.

दिवाळीला आम्ही आमगावला गेलो. धानाची कापणी सुरू होती. दुसऱ्याच दिवशी सानिका शेतातल्या बोडीच्या, म्हणजे आपल्या त्या छोट्या तळ्याच्या काठावर सेल्फी काढायला गेली आणि फोन पाण्यात. घरी आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता, पण डोळ्यांत आनंद मावत नव्हता. आता तरी नवा घ्यावाच लागेल, हा हिशेब मला स्पष्ट वाचता आला.

दिनेशचं आमगावच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेती सांभाळून तो ते चालवतो. त्यानं फोन पुसला, तिच्यासमोर ठेवला आणि हातात पेचकस दिला.

"घे. खोल."

"मी? मामा, खराब झाला तर?"

"मेलाच हाये तो. आता आणखी काय मरन?"

तिनं नाक मुरडत पहिला स्क्रू काढला. दुसरा हरवला. तो शोधायला मामा-भाची दोघं दुकानाच्या फरशीवर रांगले. आतलं पाणी टिपलं, ब्रशनं साफ केलं, नवी बॅटरी बसवली. तिसऱ्या दिवशी तो फोन सुरू झाला, तेव्हा ती दुकानातून ओरडली ते समोरच्या किराणावाल्यानं ऐकलं. त्यानंतर ती रोज सकाळी दिनेशच्या मागे गाडीवर बसून दुकानात जायला लागली.

एक दिवस मी डबा घेऊन गेले होते. दरेकशाहून गाडीनं एक म्हातारी बाई आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला साधा बटणांचा फोन तिनं काउंटरवर ठेवला. "पोरगा सुरतेला हाये," ती म्हणाली. "फोन येते त्याचा, पन आवाजच नाही येत. म्या नुसती हालो हालो करतो." दिनेशनं फोन सानिकाकडे सरकवला. सानिकानं तो उघडला. स्पीकरच्या जाळीत धानाचा भुसा गच्च बसला होता. तिनं तो दम धरून, बारीक ब्रशनं कणाकणानं काढला. मग त्या मुलाला फोन लावला आणि बाईच्या कानाला धरला.

"आवाज आला वो बाई!" म्हातारी एवढंच म्हणाली आणि मग पोराशी बोलतच बसली. जाताना तिनं पिशवीतली दोन सीताफळं सानिकाच्या हातात कोंबली.

पुण्याला परतल्यावर महिनाभरात सोसायटीच्या बागेत मुली जमल्या होत्या. ईशिताचा महागडा फोन चार्जच होत नव्हता. तिची आई मला सांगत होती, की दुकानदार नवाच घ्या म्हणतो. सानिकानं खिशातून ब्रश काढला, चार्जिंगच्या भोकातून कापसाचा एवढासा गोळा उकरून काढला आणि वायर लावली. फोन चार्ज व्हायला लागला.

"कुठं शिकलीस ग हे?" ईशिताच्या आईनं विचारलं, आणि सवयीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात ते नेहमीचं "नागपूरकडे" आलंच होतं.

"आमगावला," सानिका म्हणाली. "गोंदिया जिल्हा. माझ्या मामाचं दुकान आहे तिथं."

"म्हणजे गाव?" एका मुलीनं विचारलं.

"हो, गाव. आमची धानाची शेतीसुद्धा आहे." आणि तिनं वेळ बघायला स्वतःचा फोन काढला, मागे चिकटपट्टी लावलेला, सगळ्यांसमोर.

इतक्या वर्षांत जे मला जमलं नाही, ते पोरीनं एका वाक्यात केलं. मी तिथं बाकावर बसून राहिले. ऊर भरून येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, आणि थोडी लाजही वाटली, माझी मलाच.

ती काही संत झालेली नाही. नव्या फोनचे व्हिडिओ अजून बघते. मागच्याच आठवड्यात कानातल्या कुड्यांवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. पण आता ती मागते तेव्हा तिच्या आवाजात मागणं असतं, अपमान नसतो. हा फरक केवढा मोठा आहे, ते आया जाणतील.

आता रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्यांचं काहीतरी उघडून पडलेलं असतं. या रविवारी कुणाचा तरी रेडिओ होता. व्हिडिओ कॉलवर दिनेश ओरडत होता, "सानू, उलटं लावून राहिली तू!" आणि त्याच्या खांद्यामागून बाबा डोकावून विचारत होते, "पोरगी जेवली का?" पुणं कधी माझं घर होईल, याची मी कितीतरी वर्षं वाट बघितली. मी त्या टेबलाशी खुर्ची ओढली, पोरीला थोडं सरकायला लावलं आणि म्हणाले, "बाबा, थांबा, मीही बसून राहिली इथंच."