बाहेरून कडी नसलेलं देऊळ

रूथआत्याला आम्ही देवळाच्या बंद दारासमोर ठेवून निरोप दिला.

आज वर्ष झालं.

बाबा म्हणाले, "फेसबुकवर घरातलं काढू नकोस." म्हणून कितीदा लिहून डिलीट केलं. भांडणाऱ्या कुणाचंच नाव देत नाही. पण खोटं काही नाही.

मिरजगावच्या पुढं आमचं गाव. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. पणजोबांच्या पिढीने ते बांधलं. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते. चुना भिजवायला पाणी ओढ्यातून आणलं, डोक्यावर.

दाराला त्यांनी बाहेरून कडी ठेवलीच नाही. शेळ्या आत शिरायच्या. आत्या हाकलायची.

लहानपणी मी विचारलं होतं, कडी का नाही?

"आपल्याला लई दारांबाहेर उभं केलं हुतं, बाई. आपलं दार कुनाला बाहेरनं लावता येऊ न्हाई, म्हनून."

शाळेत जायच्या आधी तिनेच मला वाचायला शिकवलं. त्याच देवळात, गीतांच्या पुस्तकावर बोट ठेवून. मी चुकले की म्हणायची, "देवाला घाई न्हाई. परत वाच."

मग देवळाचा पाळक, म्हणजे पाद्री, कोण असावा, यावरून मंडळीत दोन गट पडले. प्रकरण कोर्टात गेलं.

एका गटाने जुन्या सागवानी दाराला ड्रिलने भोकं पाडली, कडीकोयंडा बसवला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या गटाने शेजारी आपलं लावलं.

आत्या तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिचं मागणं एकच होतं.

"माझी शेवटची उपासना देवळात करा. बाहेर नगं."

ती गेली त्या दिवशी दोन्ही गट आले. पांढरे कपडे घालून.

दोन्ही किल्ल्याही आल्या. खिशात.

"त्यांनी आधी उघडावं. आमी लगेच उघडतो."

"आमी का आधी? म्हंजी उद्या आमी हारलो म्हनायला हे मोकळे!"

ऊन चढत होतं. बाबा हात जोडून या गटाकडून त्या गटाकडे जात होते. आत्याची शवपेटी पायरीवर.

समोरचे गॅरेजवाले शब्बीरचाचा रस्ता ओलांडून आले. "भाऊ, कटर आनू का? दोन मिन्टात मोकळं करतो."

दोन्ही गट एकदम ओरडले, "हात लावायचा न्हाई! कोर्टात केस हाय!"

फूट पडल्यापासून आमची मंडळी एका सुरात बोलली, ती तेवढीच.

उपासना पायरीवर झाली. तिला बाहेरूनच नेलं.

विहीर बंद करणारे निदान दुसरे होते. हे दार आम्हीच बंद केलं.

आज सकाळी गेले, तर दाराच्या दोन्ही बाजूंना आत्याचे दोन फ्लेक्स. फोटो एकच, माझ्या प्रोफाइलवरून उचललेला. दोन्हींच्या खाली 'समस्त मंडळी'.

मध्ये दार. दोन्ही कुलपं जागच्या जागी.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. कृपा करून खाली श्रद्धांजली टाइप करू नका, हात जोडलेले इमोजी नकोत.

किल्ल्या घेऊन या. कोण आधी आलं, हे मी कुणाला सांगणार नाही.

आत्या, आज पायरीवर बसून तुझं गीत वाचलं. मध्येच चुकले.

परत वाचलं.

येते गं.