डबी माझ्याच पिशवीत होती

“पायाला रक्त पोचत नाही,” डॉक्टर म्हणाले. माझी सासू तपासणीच्या टेबलावर आडवी, घोट्याला पट्टा बांधलेला, आणि मी शेजारी पिशवी पोटाशी धरून उभी. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, पेरिफेरल आर्टरी डिसीज. म्हणजे पायाकडं रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून अरुंद होतात. बसलं की काही नाही, चाललं की पोटरी आवळते, थांबलं की सुटते. त्या दुखण्याला क्लॉडिकेशन म्हणतात. मी सातवी शिकलेली, पण हे दोन्ही शब्द मला पाठ आहेत. माझा त्या शब्दांवर अजून राग आहे.

हे गुलबर्ग्याच्या दवाखान्यात झालं. आम्ही हळ्ळीखेडचे. नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामाला, आठवड्याला एकदा शेजारच्या एसटीडीवर त्याचा फोन यायचा. घरी मी, दोन लेकरं आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू. आमच्यात पूर्वी मेंढरं होती. आत्याबाई लहानपणी मेंढरांमागं कोसच्या कोस चाललेल्या. त्याच आत्याबाई आता खुरपायला जाताना वाटेत दोनदा बसायला लागल्या होत्या.

“पोटरीला कुणीतरी पिळायलंय गं,” म्हणायच्या. गावात वाताच्या गोळ्या झाल्या, तेल झालं, शेक झाला. चार महिने असेच गेले. तुमच्या घरात कुणाची पोटरी चालताना धरत असेल आणि बसल्यावर सुटत असेल, तर ते चार महिने घालवू नका. तो वात नाही.

शुगर निघाली नाही. मग डॉक्टरांनी मला विचारलं, “अम्मा तंबाकू खातीं क्या? बीडी?”

आत्याबाईंनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले. “नई सर, हमारे में औरतां ये सब नई करते.”

चांगली मान वर करून बोलले. आणि माझ्या हातातल्या पिशवीत टॉवेल होता, कंगवा होता, भाकरी होती आणि मिसरीची डबी होती. आदल्या दिवशी मीच तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून ती भरली होती.

मी खोटं बोलले नाही, हेच तर चीड आणणारं आहे. आमच्याकडं तंबाखू म्हणजे पुरुषांची, चुना लावून मळायची. मिसरी म्हणजे दात घासायची. पान एकच, दुकान एकच, पण मिसरी लावणाऱ्या बाईला कुणी तंबाखू खाणारी म्हणत नाही. मी अंगणवाडीत मदतनीस. तिथं भिंतीवर तंबाखूचं चित्र लावलेलं होतं, मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. चित्रात विडी ओढणारा बाप्या होता. बाई कुठं होती?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितलं. रोज अर्धा तास. दुखणं वाढेपर्यंत चालायचं, उभं राहायचं, ओसरलं की पुन्हा चालायचं. असं केलं की पाय रक्तासाठी आजूबाजूनं नव्या वाटा काढतो आणि हळूहळू अंतर वाढतं. हाच व्यायाम, हेच औषध. तंबाखू बंद, हेही ते म्हणाले. आम्ही मान डोलावली. आमच्यात होतीच कुठं तंबाखू?

हुमनाबादच्या रस्त्याला आम्ही लाईटीचे खांब मोजायला लागलो. पहिल्या दिवशी न थांबता सहा खांब झाले. महिन्यानं पाच. तीन महिन्यांनी तीन.

“आत्याबाई, मन लावून चालंनात तुमी,” मी ओरडायची.

“पाय माझा हाय का तुझा? कामून बोलायलीस?”

निघायच्या आधी त्या उंबऱ्यावर बसून मिसरी लावायच्या. बोटानं हिरड्या घासायच्या, जरा वेळ तोंडात धरायच्या, डोळे मिटायच्या. “हे लावल्याबिगर पाय उचलतच न्हाई,” म्हणायच्या. मी शेजारी चूळ भरायला तांब्या धरून उभी. मग थुंकून त्या म्हणायच्या, “हं, चल.”

अंगठा निळसर पडला आणि बर्फासारखा गार लागायला लागला, तेव्हा आम्ही पुन्हा गुलबर्ग्याला गेलो. पहाटेची बस होती, म्हणून आत्याबाईंनी चहासुद्धा घेतला नव्हता, मिसरीही राहून गेली होती. डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यात चालायला लावलं. त्या टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या आणि मग बसल्या. मला बरं वाटलं. डॉप्लर नावाची तपासणी, म्हणजे मशीन लावून वाहिनीतल्या रक्ताचा आवाज ऐकतात, ती दुपारी होती. मधल्या वेळेत भाकरी खाल्ली, डबी घेऊन नळावर जाऊन आल्या. दुपारी डॉक्टरांनी पुन्हा चालायला लावलं. अर्ध्या व्हरांड्यातच त्यांनी भिंत धरली. नाडी जोरात पळत होती.

डॉक्टर कागद उलटेपालटे करायला लागले. तिथं एक वयस्क सिस्टर होत्या, आळंदजवळच्या निंबर्ग्याच्या. त्या आत्याबाईंच्या तोंडाजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, “अक्का, तोंड उघडा.”

आत्याबाईंनी उघडलं.

“मिसरी,” सिस्टर म्हणाल्या. “माझी आई पण लावायची.” मग माझ्याकडं वळून, “तुम्ही तर तंबाखू न्हाई म्हणून सांगितलंय.”

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. मिसरीतलं निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात जातं. विडीच्या धुराचं विष वेगळं, पण निकोटिन तेच. त्यानं हृदय जोरात धावतं, ती तरतरी वाटते. आणि त्याच वेळी पायाच्या बारीक वाहिन्या आकसतात. चालताना पोटरीला बसल्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त लागतं, नेमकी तेव्हाच तिची वाट आवळली जाते. “मोटर फुल चालू आणि पायपावर पाय दिलेला,” ते म्हणाले. “तुम्ही रोज पायाला उपाशी ठेवून पळवलंत.”

अंगठ्याचं सांगता येत नाही, म्हणाले. मिसरी आज बंद झाली तर पाय राहील. नाही झाली तर गुडघ्याखाली कापावा लागेल.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही भांडता आलं असतं. तुम्ही मिसरी म्हणून कामून विचारलं न्हाई, असं विचारायचं होतं मला. इतक्या बाया तुमच्यापुढं काळे दात घेऊन बसतात, तुम्हाला दिसत न्हाईत? पण तांब्या धरून मी उभी राहत होते, डॉक्टर नव्हे.

महिन्याभरानं अंगठा काढला. तो अंगठा मीच तव्यावर भाजला, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणाले, हे वर्षानुवर्षांचं आहे, तुमच्या तीन महिन्यांचं नाही. ऐकून बरं वाटलं नाही.

त्या तपासणीहून घरी आलो त्याच संध्याकाळी मी डबी उकिरड्यावर टाकली, तवा राखेनं घासला. आत्याबाईंनी शिव्या घातल्या. “आयुष्यभर लावलीय, तू कोण गं मला सांगणारी?” गल्लीत बोलणं झालं की, लेक हैदराबादला अन् सून म्हातारीला छळायलीय. आत्याबाईंची भावजय भेटायला आली ती पदराच्या गाठीत मिसरीची पुडी घेऊन. मायेनं आणली होती, कळत होतं मला. तरी तिच्यासमोर ती मोरीत ओतली. “चहा घ्या मामी,” म्हणाले, “पण हे पुन्हा आणू नका.” त्या चहा न घेताच गेल्या.

आता लाजेची गोष्ट सांगते. पाचव्या दिवशी सकाळी न्हाणीच्या भिंतीमागं मी उभी होते आणि माझं बोट माझ्याच तोंडात होतं.

व्हय, मीपण. पहिल्या बाळंतपणानंतर दाढ ठणकायची म्हणून आत्याबाईंनीच लावायला शिकवलं होतं. एक छोटी डबी मी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. मागं काठीचा आवाज आला. आत्याबाई.

“तुझे पाय काय लोखंडाचे हायत?”

त्यांनी हात पुढं केला. मी डबी दिली. त्यांनी झाकण काढलं आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरली. आता लावतात का काय, असं मला वाटलं. मग त्यांनी ती मोरीत पालथी केली, वरून तांब्याभर पाणी ओतलं.

“मला सोडायचं तर दोघींनी सोडायचं,” म्हणाल्या. “एकटीला मला जमायलं न्हाई.”

पुढचे पंधरा दिवस घरात नुसती आग होती. डोकं दुखायचं, झोप नाही. मिठावरून, केरसुणीवरून आम्ही भांडलो. लेकरं ताट घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन जेवायची. पण मोरीशी थुंकायला कुणी गेलं नाही.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा चालायला परवानगी दिली. पहिल्या दिवशी दोन खांब. मग चार. तुरीला शेंगा धरल्या तेव्हा नऊ झाले. नवव्या खांबाला आत्याबाई थांबल्या नाहीत, मीच धापा टाकत थांबले. त्यांनी मागं वळून पाहिलं आणि त्या पुढं चालत राहिल्या.

त्या निंबर्ग्याच्या सिस्टरांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. त्यांनी तोंड उघडा म्हटलं नसतं तर पाय गेला असता. तुम्हाला एवढंच सांगते, दवाखान्यात तंबाखू विचारली की मिसरी आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत.

मागच्या तपासणीला बाकावर आमच्या शेजारी औरादकडची एक बाई बसली होती, पोटरी चोळत. सोबत तरणी सून. खिडकीतल्या नव्या क्लार्कनं विचारलं, तंबाखू? सून म्हणाली, “न्हाई.”

आत्याबाई त्या बाईकडं झुकल्या. “मिसरी लावतीस का गं?”

“ती व्हय,” बाई हसली. “ती तर दाताला.”

आत्याबाईंनी चप्पल काढली, पाय उचलून बाकावर ठेवला. चार बोटं आणि अंगठ्याच्या जागी शिवण.

“मी बी दातालाच लावायची,” त्या म्हणाल्या.

बाईचं हसू गेलं. सुनेचा हात हळूच मांडीवरच्या पिशवीकडं सरकला आणि पिशवीचं तोंड घट्ट धरून बसला. मी हात पुढं केला.

“दे इकडं,” मी म्हणाले.